फरशी तीच ठेवायची आहे? मग भिंतीचा रंग असा निवडा

तीन वर्षांपूर्वी आम्ही कोथरूडच्या फ्लॅटला रंग दिला. फरशी बारा वर्षांची, दोन बाय दोनची क्रीम व्हिट्रिफाइड, एकही तुकडा फुटलेला नाही, त्यामुळे ती बदलायचा प्रश्नच नव्हता. भिंतीसाठी मी मोबाइलवर बघून एक सुंदर राखाडी निवडला. रंगारी गेले, सामान जागेवर लागलं आणि पहिल्याच संध्याकाळी सासूबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "फरशीवर काही सांडलंय का गं? एवढी पिवळी का दिसतेय?"

काही सांडलं नव्हतं. फरशी होती तशीच होती. माझ्या राखाडीत निळसर झाक होती आणि त्या निळसरपणाने फरशीतला लपलेला पिवळा वर काढला होता. पुढच्या वर्षी हॉलला पुन्हा रंग दिला. त्या दुसऱ्या खेपेला जे शिकले ते इथे क्रमाने लिहिते आहे. ज्यांची फरशी बदलणार नाही पण भिंती बदलणार आहेत त्यांच्यासाठी. परदेशात ज्यांच्या पायाखाली फरशीऐवजी बेज कार्पेट आहे त्यांनाही यातलं बहुतेक लागू पडतं. त्यांच्यासाठी वेगळा भाग पुढे आहे.

आधी फरशीची झाक ओळखा

फरशीच्या दुकानात क्रीम, बेज, आयव्हरी, ग्रे या सगळ्यांना 'न्यूट्रल' म्हणतात आणि रंगाच्या दुकानात सांगतात, "मॅडम, न्यूट्रल आहे ना, मग कुठलाही रंग चालतो." हे दुकानदाराच्या सोयीचं वाक्य आहे. प्रत्येक फिक्या रंगाच्या पोटात दुसरा एक रंग असतो. एकटा असताना तो गप्प असतो, शेजारी कोण येतं त्यावर बोलायला लागतो.

ही गोष्ट जुनी आहे आणि ती सापडली विणकामात. पॅरिसच्या गोबेलँ या, भिंतीवर टांगायचे चित्रांचे पडदे (टॅपेस्ट्री) विणणाऱ्या कारखान्यात मिशेल शेव्रल हे रसायनतज्ज्ञ रंगाई खात्याचे प्रमुख होते. काळं सूत नीट काळं रंगत नाही, फिकं दिसतं, अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनी तपासलं तर रंगाईत दोष नव्हता. ते सूत निळ्या-जांभळ्या सुतांच्या शेजारी विणलं जात होतं म्हणून मरगळलेलं दिसत होतं. १८३९ मध्ये त्यांनी यावर सविस्तर लिहिलं. थोडक्यात, शेजारी ठेवलेले दोन रंग एकमेकांना विरुद्ध दिशेला ढकलतात. निळसर भिंत फरशीला पिवळसर करते, हिरवी भिंत गुलाबीकडे नेते. माझ्या हॉलमध्ये नेमकं हेच झालं होतं.

तर झाक ओळखायची कशी?

फरशी आधी स्वच्छ करा. रोजच्या फिनेल-पोच्याचा एक चिकट थर वर साचलेला असतो, त्याने फरशी मळकट पिवळी दिसते. साधी धुण्याची पावडर पाण्यात घालून एक चौकोन घासा, दोनदा साध्या पाण्याने पुसा, वाळू द्या. कपाटाखालची फरशी नवी कोरी दिसेल, पण जुळवायचं ते खोलीच्या मध्याशी. रोज डोळ्यांसमोर असणारी फरशी ती आहे.

आता दिवसा, दिवे बंद करून, त्या चौकोनावर प्रिंटरचा पांढरा कागद ठेवा. या कागदात पांढरेपणा वाढवणारी द्रव्यं असतात, तो किंचित निळसरच असतो, म्हणून क्रीम फरशी त्याच्याशेजारी एकदम पिवळी वाटेल. घाबरू नका. आपल्याला फक्त दिशा हवी आहे. लोण्यासारखी किंवा साजूक तुपासारखी दिसली तर झाक पिवळी. कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी, फिक्या अबोलीकडे झुकणारी दिसली तर गुलाबी. भिजवलेल्या मुगाच्या डाळीसारखी वाटली तर हिरवट. आणि चुलीतल्या राखेसारखी असेल तर राखाडी; त्यातही कोरडी राख की निळसर राख, हे बघायचं.

एकट्या कागदाने समजलं नाही तर शेड कार्डाची मदत घ्या. कार्डावरच्या पट्टीत वरचे रंग इतके फिके असतात की सगळे सारखेच वाटतात. पट्टीतला सर्वांत खालचा, गडद रंग बघा. वर 'ऑफ व्हाइट' म्हणून मिरवणारा रंग खाली चक्क पोपटी निघतो, किंवा जांभळा. अशा पाच-सहा पट्ट्या फरशीवर आडव्या टाकल्या की कुठली पट्टी फरशीत मिसळते आणि कुठली उपरी वाटते ते कळतं. नक्षीदार किंवा दाणेदार फरशी असेल तर आठ-दहा फुटांवरून डोळे बारीक करून बघा. जवळून दिसणारे ठिपके विसरा, लांबून जो एक रंग दिसतो तोच भिंतीशी संसार करणार आहे.

फोटो काढून दुकानात नेऊ नका. मोबाइलचा कॅमेरा स्वतःच्या मनाने पांढरा रंग ठरवतो. एकाच फरशीचे सकाळी आणि रात्री काढलेले फोटो शेजारी ठेवून बघा, खात्री पटेल. त्यापेक्षा माळ्यावर बघा. फरशी बसवताना उरलेल्या एक-दोन लाद्या बहुतेक घरांत जुन्या बादलीमागे पडलेल्या असतात. त्याही नसतील तर स्कर्टिंगचा निखळलेला तुकडा चालेल. तो पिशवीत घालून रंगाच्या दुकानात न्या आणि दुकानाच्या ट्यूबलाइटखाली नाही, बाहेर फुटपाथवर उभं राहून शेडला लावून बघा. लक्ष्मी रोडवरच्या मॅचिंग सेंटरमध्ये ब्लाऊजपीस साडीला लावून आपण उजेडात नेतोच ना? इथे तर पाच वर्षं बघायचा रंग आहे.

न बदलणाऱ्या बाकीच्या गोष्टी

फरशीबरोबर आणखी काय काय तसंच राहणार आहे त्याची यादी करा: दारांचं लॅमिनेट, खिडकीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटी, हॉलमधून दिसणारा ओट्याचा काळा ग्रॅनाइट, सोफा, देवघर. यातला सागवानी रंग हा फरशीखालोखाल महत्त्वाचा. तो नारिंगीकडे झुकतो की चॉकलेटीकडे ते बघून ठेवा. पडदे आणि उशांचे अभ्रे यादीत धरू नका, ते रंगानंतर घ्यायचे. पुष्कळ जण उलट करतात, दिवाळीच्या सेलमध्ये पडदे आधी घेतात आणि मग साडेतीन हजारांच्या पडद्यासाठी सगळ्या घराचा रंग ठरतो.

दिवे बदलायचे असतील तर आत्ताच बदला

रंग निवडून झाल्यावर दिवे बदलले तर रंगही बदलला असं समजा. एलईडीच्या खोक्यावर केल्विनमध्ये आकडा असतो. २७०० ते ३००० म्हणजे पिवळा, उबदार उजेड, ४००० मधला, ६५०० म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक घरांतली पांढरी-निळसर ट्यूब. क्रीम फरशी ६५०० च्या उजेडात थोडी आजारी दिसते, ३००० च्या उजेडात खुलते. निळसर राखाडी फरशीचं उलट. पिवळ्या उजेडात ती धड राखाडीही राहत नाही. माझं मत विचाराल तर हॉलला ४००० घ्या, वाद मिटतो. शिवाय खोक्यावर सीआरआय लिहिलेला असतो, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचं माप; तो ८० च्या खाली नको. ९० मिळाला तर उत्तमच. स्वस्त दिव्यात भिंत आणि फरशी दोन्ही कळकट दिसतात आणि दोष रंगाला येतो.

खिडकीबाहेर काय आहे तेही बघा. पश्चिमेच्या खोलीत चारनंतर ऊन नारिंगी होऊन आत येतं, तिथे आधीच पिवळी असलेली भिंत हळदीची होते. उत्तरेच्या खोलीत दिवसभर एकसारखा, थोडा थंड उजेड. समोर आंबा किंवा गुलमोहर असेल तर पावसाळ्यात खोलीत हिरवट उजेड उतरतो. आणि समोरच्या इमारतीने भडक केशरी रंग दिला असेल तर त्यातला थोडा तुमच्या भिंतीवरही येणारच, फुकट.

फिका किती, गडद किती

रंगाची झाक जेवढी महत्त्वाची तेवढाच त्याचा उजळपणा. त्याचं माप म्हणजे एलआरव्ही, म्हणजे रंग किती टक्के उजेड परत फेकतो. शून्य म्हणजे काळाकुट्ट, १०० म्हणजे परिपूर्ण पांढरा. साधारणपणे ऑफ व्हाइट ७५-८० च्या पुढे असतात, मधले रंग ४० ते ६०, आणि २० च्या खालचे गडद. काही कंपन्या हा आकडा शेडच्या मागे किंवा संकेतस्थळावर देतात. नाही मिळाला तर नमुना फरशीवर ठेवून मोबाइलने ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढा. रंग ओळखायला फोटो कुचकामी असला तरी उजळपणा ताडायला बरा.

त्या फोटोत भिंतीचा नमुना आणि फरशी एकमेकांत विरघळून गेली तर तो रंग सोडा. क्रीम फरशीला क्रीमच भिंत, त्याच उजळपणाची, दिली की भिंत कुठे संपते आणि जमीन कुठे सुरू होते ते कळत नाही. बासुंदीत बसल्यासारखं वाटतं. भिंत फरशीपेक्षा स्पष्ट उजळ घ्या किंवा स्पष्ट गडद. कमी उजेडाच्या, तळमजल्याच्या घरात उजळ. भरपूर खिडक्या असतील तर एक-दोन पायऱ्या खाली उतरायला हरकत नाही.

चकचकीत फरशीची आणखी एक गंमत आहे, ती आरशासारखी भिंतीचा रंग स्वतःवर घेते. गडद भिंत दिली तर खालची फरशी दोन फुटांपर्यंत तोच रंग दाखवते. म्हणून पॉलिश फरशी असेल तर भिंत मॅट किंवा अगदी हलक्या चमकेची ठेवावी. दोन्ही चमकले की घराचा शोरूम होतो. मॅटवर डाग पडतात हे खरं, पण धुता येणारे मॅट इमल्शन आता सहज मिळतात. लहान मुलं असतील तर थोडे पैसे तिथे घाला.

कुठल्या फरशीला काय शोभतं

क्रीम किंवा आयव्हरी व्हिट्रिफाइड, पिवळ्या झाकेची. महाराष्ट्रातल्या गेल्या वीसेक वर्षांच्या फ्लॅटमध्ये हीच सर्वांत जास्त, बहुतेक माल गुजरातेतल्या मोरबीचा. हिला मोतिया पांढरा, म्हणजे किंचित पिवळसर उजळ पांढरा, कधीच दगा देत नाही. त्याहून थोडं धाडस हवं असेल तर फिका शेवाळी: हिरवा, पण त्यात राखाडी मिसळलेला, सुकवलेल्या गवती चहासारखा. मी दुसऱ्या खेपेला हॉलला हाच दिला. एका भिंतीला गडद हवा असेल तर विटकरी किंवा मोरपिशी शोभतो, कारण मोरपिशीत हिरवा असतो. टाळायचे म्हणजे निळसर राखाडी, लॅव्हेंडर आणि लिंबाचा पिवळा. डब्यातला थेट पांढराफटक पांढराही इथे निळा दिसतो आणि फरशीला जुनाट करतो. सिलिंगलाही तो देऊ नका, भिंतीच्याच शेडचा सर्वांत फिका भाऊ द्या.

गुलाबी झाकेची बेज फरशी जरा नखरेल. पिवळं क्रीम दिलं की दोघं भांडतात आणि फरशी सोललेल्या कोलंबीसारखी दिसते. हिरवा दिला तर गुलाबी आणखी वर येतो. हिला हिच्याच कुळातले रंग द्यायचे: थेंबभर गुलाबी असलेला पांढरा, मातकट, फिका आमसुली, किंवा उबदार राखाडी. फरशीतला गुलाबी तुम्हाला मुळातच आवडत नसेल तर त्याच्याशी लढू नका. भिंत त्याच दिशेची पण फिकी ठेवली की तो डोळ्यांत येत नाही.

नव्या इमारतींमधल्या मॅट राखाडी मोठ्या लाद्या हा वेगळा प्रकार. त्या निळसर असतील तर त्यांना स्वच्छ पांढरा खरंच शोभतो, क्रीम मात्र तिथे मळलेलं वाटतं. पण सगळंच राखाडी-पांढरं केलं तर घर दवाखान्यासारखं होतं. लाकूड आणि झाडं आणा.

कोटा. राजस्थानातल्या कोटा भागातून येणारा हा चुनखडीचा दगड हिरवट राखाडी असतो आणि पॉलिश केल्यावर आणखी गडद होतो. जुन्या सोसायट्यांमध्ये कोट्यावर पीच रंगाचं डिस्टेंपर द्यायची कुठून पद्धत पडली कोण जाणे, दोघंही एकमेकांची वाट लावतात. पीच जितका गुलाबी, कोटा तितका शेवाळलेला. कोट्यावर किंचित हिरवट पांढरा, फिका मोहरीचा पिवळा, किंवा जरासा मातकट रंग देऊन बघा. फरशी गडद असल्यामुळे भिंत ७५ एलआरव्हीच्या वरच ठेवा.

शहाबादी, कर्नाटकातल्या कलबुर्गी भागातली, निळसर काळपट. हिच्याकडे बघून आजीच्या घरच्या भिंती आठवतात: चुन्यात थोडी नीळ घालून दिलेला पांढरा. कुठल्याही शेड कार्डाशिवाय ते गणित बरोबर होतं. आज द्यायचा तर खडूसारखा मॅट पांढरा, किंवा सरळ हळदीकडचा पिवळा. शहाबादी निळसर असल्याने पिवळा तिच्यावर खुलतो आणि तीही त्याच्याशेजारी सावळी-देखणी दिसते.

मोझॅक लाद्या म्हणजे सिमेंटमध्ये संगमरवराच्या चिपा. गिरगाव-दादरच्या जुन्या घरांत आणि पुण्याच्या सत्तर-ऐंशीतल्या बंगल्यांत त्या अजून ठणठणीत आहेत, कृपा करून त्यावर नव्या लाद्या चिकटवू नका. इथे काम सर्वांत सोपं: रंग फरशीतच लिहिलेले असतात. सर्वांत फिकी चिप ती भिंत, सर्वांत गडद चिप ते दार-खिडक्या. लादी पॉलिश करून घेतलीत तर रंग आणखी स्पष्ट कळतात.

कोकणात आणि गोव्यात लाल कोब्याची जमीन असते, हाताने घोटून गुळगुळीत केलेली. उन्हात ती भिंतीच्या खालच्या भागावर गुलाबी छाया टाकते. म्हणून भिंतीच्या रंगात गुलाबी अजिबात नको, तो जमीनच पुरवते. पांढरा, फिका राखाडी-हिरवा किंवा गेरूच्या भावकीतला पिवळा.

पायाखाली कार्पेट असेल तर

अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये घर घेतलेल्या मंडळींना बेज कार्पेट घराबरोबर आंदण मिळतं. पद्धत तीच, चार फरक लक्षात ठेवा. फरशी उजेड परत फेकते, कार्पेट तो पिऊन टाकतं. म्हणून त्याच रंगाची खोली कार्पेटवर गडद वाटते आणि भिंत एक पायरी उजळ घ्यावी लागते. दुसरं, कार्पेटची लव ज्या दिशेला झुकते त्यावर रंग बदलतो, तेव्हा एकाच दिशेने व्हॅक्यूम करून, उभ्याने, दारातून बघा. तिसरं, आधी शॅम्पू करून घ्या, नाहीतर तुम्ही भिंत मळाशी जुळवाल. आणि नमुन्यासाठी कपाटाच्या आतल्या कोपऱ्यातला छोटा तुकडा किंवा मागे ठेवलेला उरलेला रोल शोधा.

तिथल्या घरांत गुलाबी झाकेचं बेज कार्पेट पुष्कळ दिसतं, त्याला वर सांगितलेला गुलाबी फरशीचाच न्याय. बेज आणि ग्रे यांच्या मधल्या रंगाला तिकडे 'ग्रेज' म्हणतात आणि अनोळखी कार्पेटवर सुरुवात करायला तो बरा. शेरविन-विल्यम्स या रंग कंपनीचा अ‍ॅग्रीएबल ग्रे (एलआरव्ही ६०) किंवा अ‍ॅक्सेसिबल बेज (५८) हे नमुन्यापुरते आणा. पहिला जरा थंड, दुसरा उबदार. कार्पेट कुठल्या बाजूचं आहे ते या दोघांच्या मध्ये धरलं की लगेच कळतं. इंग्लंडच्या भाड्याच्या घरांत भिंती बहुधा 'मॅग्नोलिया' म्हणजे फिक्या क्रीमच्या असतात आणि मालकाला विचारल्याशिवाय त्या बदलता येत नाहीत. हिवाळ्यात तिथला उत्तरेचा उजेड इतका निळा-मंद असतो की उन्हाळ्यात निवडलेला राखाडी डिसेंबरमध्ये सिमेंटसारखा वाटतो. शक्य असेल तर रंग ढगाळ दिवशी निवडा.

नमुना: याला फाटा देऊ नका

तीन शेड निवडा. पाच निवडल्या तर घरात मतदान सुरू होतं. प्रत्येकीची सर्वांत छोटी डबी आणा; बऱ्याच कंपन्यांच्या २०० मिलिलिटरच्या नमुना डब्या मिळतात, नाहीतर एक लिटर घ्या, उरलेला रंग पुढे टचअपला कामी येतो.

भिंतीवर थेट लावू नका. जुन्या पीच भिंतीच्या मधोमध लावलेला राखाडी त्या पीचशी भांडताना दिसतो, फरशीशी कसा वागेल ते समजतच नाही. त्याऐवजी दोन फूट बाय दोन फुटांचा जाड पुठ्ठा किंवा प्लायचा तुकडा घ्या, पांढरा प्रायमर मारा, कडेला दोन बोटं पांढरी पट्टी सोडून रंगाचे दोन हात द्या. एका हातावर निर्णय घ्यायचा नाही, दुसऱ्या हाताने रंग बराच बदलतो. ओला रंग आणि वाळलेला रंगही एक नसतो, तेव्हा रात्रभर थांबा.

आता तो पुठ्ठा भिंतीला टेकवून उभा करा, खालची कड फरशीला चिकटवून. हातात धरून किंवा जमिनीवर आडवा ठेवून बघायचा नाही. आडव्या पृष्ठभागावर वरून उजेड पडतो, तिथे रंग उजळ दिसतो. भिंत उभी असते. सकाळी आठ, दुपारी एक, संध्याकाळी पाच आणि रात्री दिवे लावून, अशा चार वेळा बघा. दुसऱ्या दिवशी खोलीच्या सर्वांत अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा. प्रत्येक वेळी भिंतीकडे नाही, फरशीकडे बघा. फरशी काल होती तशीच वाटतेय का? पिवळी, गुलाबी, मळकट झाली का? ज्या पुठ्ठ्याशेजारी फरशी आहे त्याहून स्वच्छ वाटते तो रंग तुमचा.

दुकानात हूबेहूब जुळलेला रंग घरी जुळत नाही याचं कारणही इथेच आहे. दोन वस्तू एका दिव्याखाली सारख्या आणि दुसऱ्याखाली वेगळ्या दिसू शकतात, कारण त्यांतली रंगद्रव्यं वेगळी असतात. सिरॅमिक फरशी आणि इमल्शन यांची तर जातच वेगळी. त्यामुळे फरशीचा रंग मशिनवर स्कॅन करून तोच तंतोतंत भिंतीला मारायचा बेत असेल तर सोडून द्या.

किती रंग आणि कसा आणायचा

दहा बाय बाराची खोली, उंची साडेनऊ फूट. चारी भिंतींचा घेर ४४ फूट, गुणिले ९.५ म्हणजे ४१८ चौरस फूट. दार आणि खिडकीचे साधारण ४० वजा केले की उरले ३७८. लांबी (पुट्टी) भरून घासलेल्या भिंतीवर चांगलं इमल्शन दोन हातांना लिटरमागे अंदाजे १२० ते १४० चौरस फूट जातं, म्हणजे तीन लिटर किंवा थोडं वर. चार लिटरचा एक डबा घ्या. सिलिंगचा हिशोब वेगळा.

एका हॉलला दोन डबे लागणार असतील तर दोन्ही एकाच दिवशी, एकाच दुकानातून करून घ्या आणि लावण्याआधी मोठ्या बादलीत एकत्र ढवळा. मशिनने केला तरी दोन डब्यांत केसाएवढा फरक पडतो आणि तो नेमका भिंतीच्या मध्यावर उघडा पडतो. झाकणावरच्या चिठ्ठीचा फोटो काढून ठेवा: शेडचा कोड, बेस आणि तारीख. रंगारी "थोडा काळा स्टेनर टाकतो, खुलेल" म्हणाला तर चहा द्या आणि नको म्हणा. हाताने मिसळलेला रंग पुन्हा जन्मात जुळत नाही. पाणी डब्यावर लिहिलंय तेवढंच. स्कर्टिंगवर टेप आणि फरशीवर प्लास्टिक त्याच्यावर सोडू नका, स्वतः घाला. क्रीम फरशीच्या सांध्यांत गेलेला रंग निघत नाही.

आणि वेळ. सगळं गाव दिवाळीआधी रंग काढतं. पाऊस नुकताच थांबलेला असतो, बाहेरच्या भिंती अजून ओल धरून असतात, रंगाऱ्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. कोकणात तर ऑक्टोबरात रंग देणं म्हणजे फेब्रुवारीत पोपडे मोजणं. डिसेंबर ते मार्च उत्तम. नवं प्लास्टर असेल तर महिनाभर तरी सुकू द्या.

रंग देऊन झाला आणि चुकला

लगेच पुन्हा डबा आणू नका. आधी दिवे बदलून बघा, ६५०० च्या जागी ४००० लावला की निम्मी तक्रार जाते. मग भिंत आणि फरशी यांच्यामध्ये कुणीतरी मध्यस्थ बसवा: दोन्ही रंग असलेली मोठी सतरंजी, तिच्यात फरशीची झाक आणि भिंतीची झाक दोन्ही हव्यात. फरशी जितकी झाकली जाईल तितका झगडा कमी. तरीही डोळ्याला खुपत असेल तर चारही भिंती नको, फरशीचा मोठा भाग जिच्याशी लागून दिसतो ती एकच भिंत बदला. बहुधा ती मुख्य दारासमोरची असते.

माझ्या त्या निळसर राखाडीचा अर्धा डबा उरला होता. साताऱ्याला आईच्या माजघराला तो दिला. पायाखाली तिथे शहाबादी आहे. आलेगेले विचारतात, रंग कुठून निवडलात म्हणून. आई सांगते, "लेकीच्या चुकीचा आहे."